सगळं मलाच विचारलं जायचं

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

सहा वर्षांपूर्वी मी या कंपनीत आले तेव्हा आधीचे आठ जण होते, मी नववी. एक खोली, एक फळा. बिलिंगचं मॉड्यूल पहिल्या ओळीपासून मी लिहिलं. ग्राहकाचा फोनही मीच घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीमवर, गेलेली असायची. बिलिंगबद्दल काहीही असो, सगळं मलाच विचारलं जायचं. आज आम्ही 120 जण आहोत. आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीतून इंजिनिअरिंग मॅनेजर आले. आता प्रत्येक बदलाआधी डिझाइनचं टिपण लिहायचं, दोघांची मंजुरी घ्यायची आणि ठरलेल्या दिवशीच रिलीज करायचं. मागच्या महिन्यात पावतीवरचा एक चुकीचा शब्द बदलायला चार दिवस लागले. संस्थापकांशी बोलायचं तर त्यांच्या कॅलेंडरवर जागा शोधावी लागते. नव्यानं आलेल्या एका मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे चुकून कळलं. रात्री दोन वाजता बिलिंग अडलं की फोन मात्र अजून मलाच येतो. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, ‘तुम्ही कोणत्या टीममध्ये?’ मी हसून उत्तर दिलं आणि जागेवर येऊन रडले. आता मला सहा जणांची टीम लीड व्हा म्हणताहेत. दुसरीकडे एका आठ-दहा जणांच्या कंपनीशी माझी बोलणी चालू आहेत. सोडू का?
– नववी

नववी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पगाराची गोष्ट सगळ्यांत जास्त लागली. दुसऱ्यांदा वाचताना मी रात्रीच्या त्या फोनपाशी अडले. तुम्ही तो तक्रारीत घातलाय, पण ‘फोन मात्र अजून मलाच येतो’ या वाक्यात तक्रारीशिवाय आणखीही काहीतरी आहे. ते मला ओळखीचं वाटलं, म्हणून आधी माझीच एक गोष्ट सांगते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अशाच एका वाढत्या कंपनीत होते. तिथे रोज रात्री एक जॉब, म्हणजे आपोआप सुरू होणारा प्रोग्राम, चालायचा. दिवसभराचे व्यवहार गोळा करून तो ग्राहकांना हिशेबाची ईमेल पाठवायचा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र तो चालायच्या आधी एक फाइल हातानं एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी लागायची. का, ते मलाच ठाऊक होतं, कारण जॉब मी लिहिला होता आणि घाईच्या दिवसांत ती पळवाटही मीच काढली होती. दर महिन्याला मी ती फाइल हलवायचे. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की ही कुणाला सांगून ठेवायची गोष्ट आहे असं कधी मनातच आलं नाही. मग एका महिनाअखेरीला मी रजेवर होते आणि फोन लागत नव्हता. जॉब अर्ध्यात पडला, कुणीतरी तो पुन्हा सुरू केला आणि अर्ध्याअधिक ग्राहकांना तीच ईमेल दोनदा गेली, दुसऱ्या खेपेला चुकीच्या आकड्यांसह. माझ्याहून लहान असलेला एक सहकारी ती सगळी रात्र आणि दुसरा अख्खा दिवस लॉग, म्हणजे प्रोग्रामनं केलेल्या नोंदी, वाचत बसला होता.

मी परत आले आणि दोन मिनिटांत कारण सांगितलं. त्यानं विचारलं, “हे कुठे लिहिलंय?” मी कपाळाला बोट लावलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझ्यावाचून यांचं अडलं, असा अभिमान. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. तो काहीच बोलला नाही. त्यानं वही उघडली आणि मी जे सांगत होते ते लिहून घ्यायला लागला. फाइलचं नाव, दोन्ही फोल्डर, वेळ. मध्येच त्यानं मान वर करून विचारलं, “आणखी असं काय काय आहे?” मी मोजायला लागले आणि सातव्यापाशी मला माझीच भीती वाटली.

तुम्ही लिहिलंय, सगळं मलाच विचारलं जायचं. नऊ माणसांत ते ठीक होतं, कारण विचारणारा हाताच्या अंतरावर होता आणि तुम्ही रोज तिथे होता. 120 माणसांत तेच ज्ञान एकाच डोक्यात राहिलं की कंपनी आजारी पडायची वाट पाहत बसते, आणि तिच्याबरोबर तुम्हीही. तुम्हाला रजा नाही, रात्री झोप नाही, आणि नवीन काही हातात घ्यायला उसंत नाही, कारण जुनं सगळं तुमच्याच गळ्यात आहे. हा मान आहे असं सहा वर्षं वाटत आलं असेल. मला तो एक करार वाटतो. तुम्ही तुमची रात्र देता आणि बदल्यात ‘तिच्याशिवाय होत नाही’ हे ऐकायला मिळतं. आता तेही ऐकू येईनासं झालंय आणि रात्र मात्र जातेच आहे. म्हणून त्या मुलीचा साधा प्रश्न तुम्हाला इतका लागला. तुमचं रडणं मला मुळीच अवाजवी वाटलं नाही. जी जागा आपण हातांनी उभी केली, तिथे आपली ओळख करून द्यावी लागणं हे दुखणारच.

पण तुम्हाला कुणी बाजूला सारलंय, असं मला पत्रावरून दिसत नाही. जे झालंय त्यात निम्मं तर नुसत्या गुणाकाराचं आहे. नऊ माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? 36. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं ठरवलं तरी जमतं, एका खोलीत तर न ठरवताही जमतं. 120 माणसांत त्याच जोड्या 7,140 होतात. माणसं तेरापट वाढली आणि बोलण्याचे धागे जवळजवळ दोनशेपट. हे जुनं दुखणं आहे. आयबीएमच्या सिस्टीम/360 या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचं काम ज्यांनी सांभाळलं, त्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय, की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी रेंगाळतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी जुळवून घेण्यात सगळ्यांचा. तुमच्या संस्थापकांच्या कॅलेंडरवर जागा नाही, त्यामागे हेच आहे. ते तुम्हाला विसरलेत असं समजून त्यांच्याशी अबोला धरू नका. कॅलेंडरवर जागा शोधावी लागते तर शोधा, अर्धा तास मागून घ्या. त्या अर्ध्या तासात काय बोलायचं ते पुढे लिहिते.

आता ते चार दिवस. पावतीवरचा शब्द बदलायला चार दिवस लागतात हे मलाही चीड आणणारं आहे, आणि त्याचं मी समर्थन करणार नाही. पण दोघांची मंजुरी ही गोष्टच मुळात फालतू, असं तुमच्या पत्रातून डोकावतं. तिथे मात्र मी तुमच्या नव्या मॅनेजरांच्या बाजूची आहे. नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारात व्यवहार करणारी एक अमेरिकी कंपनी होती. 2012 च्या जुलैअखेरीस त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. माणसाकडून एक सर्व्हर राहून गेला. त्या एका सर्व्हरवर 2003 पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडनं नेमकं त्या जुन्याला चालू करणारंच एक चिन्ह (फ्लॅग) पुन्हा वापरायला घेतलं होतं. 1 ऑगस्टला बाजार उघडला आणि तो जुना कोड जागा झाला. पाऊण तासात कंपनीचे 44 कोटी डॉलरहून अधिक बुडाले. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. नियामकांनी नंतर जे निष्कर्ष काढले त्यात एक साधी नोंद आहे: आठही सर्व्हरवर कोड गेलाय की नाही, हे दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं आणि तसं तपासावं असा लेखी नियमही नव्हता.

ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या घटनेत मला तुमच्यासारखं कुणीतरी दिसतं, म्हणून सांगते. तो जुना कोड अजून तिथे आहे आणि ते चिन्ह त्याचं आहे, हे कधीकाळी कुणाला तरी ठाऊक असणारच. त्या सकाळी ते त्यांच्या हाताशी नव्हतं. तुमच्या बिलिंगमध्ये असं काय काय झोपलेलं आहे, ते आज तुम्हाला एकटीला माहीत आहे. दोन मंजुऱ्यांपैकी एक तुमची असेल तर तिची किंमत आणखी कुणाच्याही मंजुरीपेक्षा जास्त आहे.

तरीही सगळे नियम सारखे नसतात. काही नियम तुमच्याच कंपनीतल्या एखाद्या फसलेल्या रिलीजमधून आलेले असतात, ते ठेवायलाच हवेत. काही मात्र मॅनेजर जुन्या नोकरीतून सामानाबरोबर घेऊन आलेले असतात. हजारो माणसांच्या कंपनीत ते शोभत असतील, 120 जणांत ते नुसते अडतात. हे दोन वेगळे कसे ओळखायचे? भांडून ओळखता येत नाहीत. तुमचे स्वतःचे मागचे दहा बदल काढा. प्रत्येकापुढे लिहा: प्रत्यक्ष काम किती तास, मंजुरीची वाट पाहण्यात किती तास, रिलीजच्या दिवसाची वाट पाहण्यात किती तास. मला खात्री वाटते की त्या शब्दाच्या बदलात काम दहा मिनिटांचं निघेल आणि बाकी सगळी वाट. तो कागद घेऊन मॅनेजरांकडे जा आणि एवढंच म्हणा, की नुसत्या मजकुराचे बदल एका मंजुरीवर त्याच दिवशी जाऊ द्या, पैशांच्या हिशेबाला हात लावणारे बदल आहेत तसेच राहू द्या. कागद हातात घेऊन आलेल्या माणसाला ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणावं लागत नाही. आणि नव्या मॅनेजरांचीही एक अडचण समजून घ्या. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला इथला कुठला दगड काढला तर भिंत पडते ते माहीत नसतं, म्हणून तो एकही दगड हलू देत नाही. त्यांना ते दाखवू शकेल असं माणूस तुमच्याखेरीज कोण आहे?

फोनचं काय करायचं, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या लेखी बाकी सगळं यावर उभं आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो फोन तुमच्याकडून काढून घ्यायचा आहे, आणि तो तुम्हीच काढायचा आहे. आपल्याकडे केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाच्या माहितीचं हस्तांतर) म्हटलं की कुणी नोकरी सोडताना शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईनं घेतलेले तास डोळ्यांपुढे येतात. जाणाऱ्याचं लक्ष नसतं, ऐकणाऱ्याला झोप येते आणि रेकॉर्डिंग पुन्हा कुणी उघडत नाही. तसलं नको. एक माणूस निवडा, आठवड्यातून दोनदा तासभर त्याच्याबरोबर बसा, आणि कीबोर्ड त्याच्याकडे द्या. तुमचे हात मांडीवर. हे वाटतं त्याहून फार अवघड आहे. तो चुकीच्या फोल्डरमध्ये शिरेल, लॉगमध्ये भलतीकडे शोधेल, आणि तुमची बोटं शिवशिवतील. तरी हात मांडीवरच. तो जिथे अडेल आणि तुम्ही ‘अरे, ते तर असं असतं’ म्हणाल, तेच वाक्य लिहून ठेवायचं. तेच तुमचं न लिहिलेलं ज्ञान. पाठ्यपुस्तकासारखं सगळं पहिल्यापासून लिहायला बसाल तर तिसऱ्या पानावर कंटाळाल, आणि जे खरंच हवं ते तुम्हाला इतकं उघड वाटतं की ते लिहिलंच जाणार नाही.

आणि लिहिलं म्हणजे झालं, असंही नाही. 2017 च्या 31 जानेवारीला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच उडाला. बॅकअपच्या एकदोन नव्हे, पाच पद्धती कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा त्यातली एकही भरवशानं चालत नव्हती. काही तासांपूर्वी कुणी हातानं घेतलेली एक प्रत होती म्हणून बहुतेक सगळं वाचलं, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कौतुकाची गोष्ट ही, की कंपनीनं हे सगळं जगापुढे मोकळेपणानं मांडलं आणि त्या इंजिनिअरचा बळी दिला नाही. म्हणून तुम्ही जे लिहाल ते एका शांत दुपारी दुसऱ्या कुणाला तरी चालवून पाहू द्या, तुम्ही खोलीत नसताना. मग ऑन-कॉलची, म्हणजे अडचणीचा फोन कुणी घ्यायचा याची, पाळी लावायला सांगा: पहिला फोन पाळीवर असेल त्याला, दुसरा त्याच्या जोडीदाराला, आणि तिसरा, अगदीच अडलं तर, तुम्हाला. पाळीचा मोबदला किंवा बदली सुट्टी काय ते लेखी ठरवून घ्या. सहा वर्षं तुम्ही हे फुकट करत आलात, पुढच्यांनीही तसंच करावं असं मनात आणू नका.

पहिल्या रात्री फोन येणार नाही तेव्हा कसं वाटेल? मला तर झोप लागली नव्हती. सकाळी कळलं, की जॉब अडला होता आणि त्या वहीवाल्या मुलानं अकरा मिनिटांत सोडवला. माझ्या पोटात क्षणभर काहीतरी हललं. मग मी कितीतरी दिवसांनी सलग तीन तास एकाच गोष्टीवर काम केलं.

पगार. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. बाहेरून येणाऱ्याचा पगार त्या दिवशीच्या बाजारभावानं ठरतो आणि आत असलेल्याचा मागच्या पगारावर टक्केवारी चढवून. कंपनी झपाट्यानं वाढत असली की ही दरी दरवर्षी रुंदावत जाते आणि निष्ठावान माणूसच स्वस्त पडतो. यात बहुतेक वेळा कुणाचं कारस्थान नसतं, पण म्हणून ते गिळायचंही कारण नाही. फक्त त्या मुलाचा आकडा बोलण्यात आणू नका. तो चुकून कळलाय, त्याचा त्रास त्याला होईल आणि संभाषण तुमच्या कामावरून घसरून ‘तुला कुणी सांगितलं’वर येईल. विचारायचं ते असं: माझी पातळी कोणती, त्या पातळीचा पगाराचा पट्टा कुठून कुठवर आहे आणि मी त्यात कुठे आहे? उत्तर मिळालं की फरक कधी भरून काढणार, त्याची तारीख मागा. ‘पुढच्या अप्रेझलला पाहू’ हे उत्तर घेऊन उठू नका, ते भिजत घोंगडं आहे. ईमेलवर तारीख येईपर्यंत पाठपुरावा करा.

सुरुवातीला आलात म्हणजे स्टॉक ऑप्शन (कंपनीचे शेअर आधी ठरलेल्या भावानं विकत घेण्याचा हक्क) मिळाले असतील, त्याचा पत्रात उल्लेखच नाही. कागद शोधून काढा. सहसा ते चार वर्षांत हळूहळू आपले होतात आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी काहीच हाती येत नाही. तुमची सहा वर्षं झाली, म्हणजे पहिले सगळे तुमचे झालेले असण्याची शक्यता मोठी आणि पुढे थांबण्यासाठी नवीन काहीच नसण्याचीही. नवे मागण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. आणि राजीनामा देण्याआधी एक ओळ जरूर वाचा: कंपनी सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात. पुष्कळ ठिकाणी ते फक्त 90 दिवस असतात आणि त्यासाठी रोख पैसे लागतात. रागाच्या भरात नोटीस देऊन बसलेल्या आणि मग सहा वर्षांचं पदरातलं सोडून द्यावं लागलेल्या माणसांना मी ओळखते.

टीम लीड व्हावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तुमचं मूळ पत्र लांब होतं, छापताना आम्ही ते आवरलं. कापलेल्या भागात तुम्ही कर-आकारणीचा हिशेब नव्यानं लिहिल्याचं सांगितलंय, आधी तासभर चालणारा अहवाल चार मिनिटांत निघायला लागला त्याबद्दल. नऊ ओळी आहेत त्या, आणि पूर्ण पत्रात तेवढ्याच ओळी पळतात. माणसांना सांभाळण्याबद्दल, कुणाला शिकवण्यात आनंद वाटल्याबद्दल एकही ओळ नाही. लीडचा दिवस कसा जातो, तर सकाळी एकाची नाराजी ऐकण्यात, दुपारी दुसऱ्याच्या कामातला अडसर दूर करण्यात, संध्याकाळी तिसऱ्याला न आवडणारी गोष्ट सांगण्यात. हे खरं आणि मोलाचं काम आहे. पण जुनी माणसं मान टिकावा म्हणून ते घेतात आणि रात्री घरी बसून कोड लिहितात. मग दोन्ही कामं अर्धवट होतात आणि टीमचे हाल होतात. चांगल्या कंपन्या दोन शिड्या ठेवतात: एक माणसं सांभाळणाऱ्यांची, एक तांत्रिक कामात वर जाणाऱ्यांची, आणि पगारानं दोन्ही समान. तुमच्याकडे दुसरी शिडी आहे का ते विचारा. नसेल तर ‘ती माझ्यापासून सुरू करा’ असं म्हणायला लाजू नका. हस्तांतराच्या त्या महिन्यांत एखाद्या नवख्याला शिकवताना तुम्हाला अनपेक्षितपणे मजा आली, तर लीडचा विचार पुन्हा करा. तेव्हाही तीन महिन्यांची मुदत आणि परत येण्याची वाट आधी ठरवून घ्या.

संस्थापकांबरोबरच्या अर्ध्या तासात बोलायचं ते हे. जुन्या आठवणी काढायच्या नाहीत, त्यात वेळ संपतो. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी 1968 मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच आकाराची सॉफ्टवेअर ती संस्था बनवते. तुमच्याकडे आता टीमा पाडल्या जाताहेत. बिलिंग एका टीमकडे, पैसे भरून घेणं दुसरीकडे आणि कर-आकारणी तिसरीकडे गेली, तर दोन वर्षांत सॉफ्टवेअरलाही तिथेच चिरा पडतील. चीर कुठे पाडली तर चालेल आणि कुठे पाडली तर रोज रक्त येईल, हे आत्ता तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. बाहेरून आलेल्या मॅनेजरांना तर नाहीच. एका पानावर आकृती काढून न्या. शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, की मला लीड व्हायचं नाही, बिलिंगची तांत्रिक जबाबदारी हवी आहे, त्या पातळीचा पगार हवा आहे आणि तारीख हवी आहे. त्यांचं उत्तर काय येतं, यावरून त्यांना तुमची आठवण आहे की किंमत आहे, ते तुम्हाला कळेल.

आणि ती आठ-दहा जणांची कंपनी? बोलणी तोडू नका, पण इतक्यात होही म्हणू नका. ती चालली तर वाढेल, आणि चार वर्षांनी तिथेही कुणीतरी तुम्हाला विचारेल की तुम्ही कोणत्या टीममध्ये. न चालली तर बंद पडेल. शून्यातून उभं करण्याची ती पहिली दोन-तीन वर्षंच ज्यांना मानवतात, अशी माणसं असतात. त्यांनी कंपन्या बदलत राहणं अगदी योग्य आहे, तेही एक कसब आहे. तुम्ही तशा आहात का, हे या घटकेला सांगता यायचं नाही, कारण आत्ता तुम्ही थकलेल्या आहात आणि दुखावलेल्या आहात. फोन दुसऱ्याकडे गेल्यावर, दोन महिने नीट झोपल्यावर, पगाराचं उत्तर हातात आल्यावर पुन्हा स्वतःला विचारा. तेव्हाही मन तिकडेच ओढलं तर खुशाल जा. उत्तर टोलवलं गेलं, तारीख दिली नाही, शिडी नाही म्हणाले, तर तेव्हा मीच म्हणेन, जा. त्या वेळी तुमच्या मागे काही अर्धवट पडलेलं नसेल आणि नव्या ठिकाणी रात्री दोनला जुन्या कंपनीचा फोन येणार नाही. तसेही फोन येतात, मी घेतलेत.

केटीसाठी कुणाला निवडायचं, ते अजून सांगायचं राहिलं. माझं मत ऐकाल तर त्या मुलीला निवडा. ज्या 120 माणसांच्या गर्दीत कुणी कुणाला विचारत नाही, तिथे तिनं तुमच्यापाशी येऊन विचारलं. नवीन माणसाला जे दिसतं ते जुन्याला दिसेनासं झालेलं असतं, आणि ही विचारायला कचरत नाही. तिला सांगा, की मी बिलिंगमध्ये, सहा वर्षांपासून, आणि त्यातलं निम्मं कुठेच लिहिलेलं नाही, बसतेस का माझ्याबरोबर? पहिल्या दिवशी रात्री अडणारं ते बिलिंग चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम पाडा आणि खुर्ची तिला द्या. एक वही आणायला सांगा तिला.